टॉवेलाखाली वाळणारे कपडे

शिवणाच्या क्लासात वर्षभर बसलं की हाताला एक धड ब्लाऊज लागतो आणि पदरात पन्नास किस्से पडतात! ब्लाऊज विटतो, उसवतो, शेवटी बोहारणीकडे जातो. किस्से मात्र कुठे जात नाहीत.

परवा नातीबरोबर कपड्यांच्या दुकानात गेले होते. काचेमागे प्लॅस्टिकच्या बायका उभ्या, अंगावर लाल, काळ्या, लेसच्या ब्रेसियर, आणि रस्त्याने अख्खं नगर येतंय-जातंय. नात मोठ्याने म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी आतून काय घालायचे गं?" दुकानातला मुलगा खाली बघून हसला. मी म्हटलं, "घरी चल, सांगते."

घरी सांगायला बसले आणि दिवेलागण झाली. त्यातलंच थोडं तुम्हाला सांगते. हसू येईल तिथे खुशाल हसा. फक्त विमलताईंचं नाव आलं की जरा जपून हसा, कारण हे सगळे किस्से शेवटी त्यांच्यापाशी येऊन थांबतात. त्या दुष्काळाच्या वर्षी त्यांनी शाळेचा राजीनामा लिहून कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला होता. तो द्यायचा की फाडायचा, हे आमच्या क्लासातल्या शिवणावर ठरणार होतं. कसं ते पुढे कळेलच.

तर क्लास होता नगरला लागून असलेल्या भिंगारला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, मेहरूनआपांचा. त्यांचे मालक मिलिटरीचे युनिफॉर्म शिवायचे. ते गेले आणि मागे एक पायमशीन, एक शेरभर वजनाची कात्री आणि त्यांची शिस्त ठेवून गेले. आपांनी गळ्यात टेप टाकली की त्या सुभेदार व्हायच्या. टीप वाकडी गेली तर म्हणायच्या, "उसव! पलटणीत असतीस तर दंड झाला असता!" मी, म्हणजे मंदा, तेव्हा मॅट्रिक होऊन स्थळं बघत घरी बसले होते. म्हणून आईने क्लासला धाडलं.

*

पहिला धडा छातीच्या मापाचा. त्या दिवशी क्लासात नव्या आल्या होत्या गंगूबाई. तिसगावच्या. पावसाने दगा दिला, रान पडीक राहिलं, मालकांना नागापूरच्या एका वर्कशॉपात काम लागलं आणि नवरा-बायको भिंगारला खोली घेऊन राहिले. पंचेचाळिशीच्या असतील. नऊवारी लुगडं, पुढे गाठ मारलेली खणाची चोळी, आणि चार पावलं चालल्या की धाप लागायची.

आपा टेप घेऊन पुढे आल्या तशा गंगूबाई दोन पावलं मागे सरल्या.

"ह्ये न्हाई जमायचं. मला काय बाजारात उभं केलंय का?"

"अहो, मग चोळीचं माप कसं देता तुम्ही?"

"चोळीच धाडायची. तिसगावच्या शिंप्यानं तीस वर्सं माझ्या चोळ्या शिवल्या, पन मला कदी पायलं न्हाई!" हे सांगताना त्यांच्या तोंडावर केवढा अभिमान!

आपांना शंका आली. त्यांनी विचारलं, "मापाला कुठली चोळी जाते?"

"लगनातली. रुकवतात आलेली. चांगली हाय अजून, म्हनून तीच धाडतो."

"लग्न झालं तेव्हा वय काय होतं?"

"असंल तेरा-चौदा."

 तेरा वर्षांच्या पोरीच्या मापात ही बाई तीन बाळंतपणं काढून इथवर आली होती! आपा म्हणाल्या, "आणि ही धाप?" तर गंगूबाई म्हणाल्या, "वय झालं म्हनून लागत आसंल."

आपांनी त्यांना पडद्याआड नेलं, टेप न लावता वितीने अंदाज घेतला आणि त्याच दिवशी चोळी बेतली. दुसऱ्या दिवशी गंगूबाई ती घालून आल्या, सतरंजीवर बसल्या, छाती भरून श्वास घेतला, परत घेतला. मग हळूच म्हणाल्या, "आपा, येवढी हवा आसती व्हय?"

*

विमलताई बाजारापलीकडच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. पस्तिशीच्या, ताठ चालणाऱ्या, पाचवारी साडीच्या निऱ्या चाकूने कापल्यासारख्या. शाळा सुटली की क्लासला यायच्या. फॅशन म्हणून जे काही भिंगारला आलं ते आधी त्यांच्या अंगावर आलं.

आमच्या आयांच्या बॉड्या म्हणजे जाड मांजरपाट, पुढे पाच बटणं आणि सगळं सपाट करून टाकायचं. बॉडी कसली, बंदोबस्त! विमलताईंनी पुण्याहून नव्या तऱ्हेची आणली. पांढरी पॉपलिनची, मागे हुक, आणि पुढे दोन टोकदार कप, त्यांच्यावर गोल गोल टिपा. त्यांनी ती आपांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "उसवा आणि कटिंग काढा. सगळ्यांना येऊ दे."

एवढी नवी कोरी बॉडी उसवायची! आम्ही "नको, नको" म्हणत राहिलो. आपांनी एकेक टीप काढली, तुकडे वर्तमानपत्रावर मांडले, मोजले.

"चौदा! आमचे मियाँ पूर्ण खाकी शर्ट कमी तुकड्यांत बसवायचे. आणि ह्या वीतभर कपड्याला चौदा!"

जोडायला तीन दिवस लागले. पहिल्या खेपेला एक टोक नगरकडे आणि दुसरं पाथर्डीकडे. दुसऱ्या खेपेला दोन्ही बसली, पण आपांनी खाली मिलिटरी बेल्टचा पट्टा लावला होता, विमलताईंना वाकता येईना. तिसऱ्या खेपेला जमलं. विमलताई पडद्याबाहेर आल्या, पदर नीट केला, खोलीत एक फेरी मारली.

"कशी दिसते?"

"परेडला उभी असल्यासारखी," आपा म्हणाल्या.

विमलताई हसल्या. "आतला कपडा नीट बसला ना आपा, की माझी मान आपोआप वर राहते. पन्नास पोरींसमोर उभं राहायचं असतं मला."

ते वाक्य मी विसरले नाही. पुढे तेच त्यांच्या अंगावर उलटलं.

*

आता कापडबाजाराचं ऐका. हे आमच्याच घरातलं.

आईने ठरवलं, मंदाला लग्नाआधी एक रेडिमेड बॉडी घ्यायची. नगरला गेलो. गादीवर म्हातारे शेठ, मान खाली. आई म्हणाली, "ते द्या."

"कोणतं, ताई?"

"ते हो."

शेठने टॉवेल काढला. आईने मान हलवली. मग रुमाल. मग गंजीफ्रॉक. मग उशीचे अभ्रे! मी खांबाकडे तोंड करून उभी. शेवटी शेठला उमज पडली. त्यांनी खालच्या कप्प्यातून एक खोका काढला आणि जमिनीकडे बघत विचारलं, "साईज?"

आई म्हणाली, "बरीशी द्या."

बरीशी आली ती माझ्यासारख्या दोन मावतील एवढी. बदलून आणायची तर परत जाऊन 'ते' म्हणावं लागणार! कोण जाणार? ट्रंकेत पडून राहिली. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला ती बरोबर बसली.

*

बॉडी धुवायची ती सगळ्यांत शेवटी, आणि वाळत घालायची मोरीजवळच्या आतल्या दोरीवर, टॉवेलाखाली. ऊन नाही, वारा नाही. दोन-दोन दिवस ओल जायची नाही. पावसाळाभर आम्हा सगळ्या बायकांना एक आंबूस वास असायचा, आणि प्रत्येकीला वाटायचं, वास आपल्या एकटीलाच येतो.

विमलताईंचं बिऱ्हाड एका वाड्यासारख्या चाळीत होतं. अंगण एक, नळ एक, बायका चार. समोरच्याच खोलीत गंगूबाई. एकदा विमलताईंनी घाईत अंगणातल्या दोरीवर टॉवेल टाकला, त्याच्याखाली त्यांची नवी बॉडी. वारा सुटला, टॉवेल उडाला आणि बॉडी गेली नळापाशी. घरमालकांची आई, ऐंशीची म्हातारी, तिने काठीने उचलली आणि ओरडली, "कुणाची गं ही?"

चारही दारं उघडली. चारही बायका म्हणाल्या, "माझी नाही!"

विमलताई धरून! पन्नास पोरींसमोर ताठ उभी राहणारी बाई, पुण्याहून फॅशन आणणारी बाई, तीही म्हणाली, "माझी नाही."

म्हातारीने ती नळाजवळच्या खिळ्याला अडकवली. चार दिवस लटकत होती. येता-जाता सगळ्या दुसरीकडे बघायच्या. पाचव्या दिवशी नाहीशी झाली.

मग चाळीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं; चहाला आम्हा क्लासातल्यांनाही बोलावलं होतं, आपांसकट. म्हातारीने चहाचं पातेलं चुलीवरून उतरवलं ते दोन पांढऱ्या, गोल टिपांच्या, जाडसर फडक्यांनी धरून. "हात भाजत न्हाई बघा, कुनी शिवलंय कोन जाने, लई पक्कं काम!" विमलताईंनी ओळखलं. आपांनी ओळखलं. चहा सगळ्यांनी घेतला.

*

मिलिटरी कँपातल्या लिलावात एकदा पॅराशूटचं कापड निघालं. पांढरं, गुळगुळीत, हलकं. आपांनी मालकांच्या जुन्या ओळखीवर एक गठ्ठा आणला आणि क्लासात सगळ्यांनी परकर शिवले. सुती परकरांनंतर हे म्हणजे राणीचं वस्त्र! फक्त एक होतं. चाललं की आवाज यायचा. सळसळ, सळसळ. आमच्या घरात मी पोचायच्या आधी माझा परकर पोचायचा. उन्हाळ्यात साडी सोडताना ठिणग्या दिसायच्या. गंगूबाईंनी एक दिवस घातला आणि परत केला. म्हणाल्या, "मालक इचारत्यात, घरात साप शिरलाय का!"

पण विमलताईंना तो फार आवडला. त्या रोज घालायच्या. शाळेच्या व्हरांड्यात सळसळ ऐकू आली की वर्गातल्या पोरी चिडीचूप. विमलताई म्हणायच्या, "छडी कपाटात ठेवली मी. परकर पुरतो!"

*

आता हा पुढचा किस्सा नाही म्हणता येणार. पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळायचा नाही.

दिवाळी झाली होती. दुष्काळ पुरता पसरला होता, रेशनवर लाल मिलो, म्हणजे ती अमेरिकेची ज्वारी मिळायची, पाण्याला रांगा. विमलताईंनी नवी बॉडी शिवून घेतली आणि दोन दिवसांत परत आणली. "आपा, डावीकडे टोचतेय."

आपांनी टक सोडला. चार दिवसांनी परत. "अजून टोचतेय." आपांनी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी बदलली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आपा वैतागल्या. "कटिंग तेच, हात तोच, मागच्या चार बसल्या आणि हीच कशी टोचते?" बॉडी पूर्ण उसवून परत जोडली. आमच्या देखत.

चौथ्यांदा विमलताई आल्या तेव्हा आपांनी त्यांना पडद्याआड नेलं. मी पिना धरून उभी होते. आपांनी टेप काढून बाजूला ठेवली. हाताने चाचपलं. बराच वेळ चाचपलं. त्यांचा चेहरा बघून माझ्या हातातल्या पिना खाली पडल्या.

"विमल," आपा म्हणाल्या, "हे कापडाचं नाही, बेटा."

संक्रांत झाल्यावर पुण्याला ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली.

*

महिन्याने त्या घरी आल्या. डॉक्टर म्हणाले, जखम चांगली भरली, आता कामाला लागा. शाळेने उन्हाळ्यापर्यंत रजा दिली होती. जूनमध्ये शाळा उघडणार होती.

विमलताई मात्र घराबाहेर पडेनात. पाणी त्यांचे यजमान भरायचे. दारात कुणी आलं की त्या भिंतीकडे डावी बाजू करून बसायच्या, अंगावर दुहेरी पदर, पाठीला पोक. ज्या बाईच्या पाठीकडे बघून आपा आम्हाला "ताठ बसा" म्हणायच्या, ती बाई! मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "मंदा, फळ्यावर लिहायला हात वर करावा लागतो गं. पोरींची नजर जाणारच. त्यांचा दोष नाही. पण मी नाही उभी राहू शकत." आणि त्यांनी कॅलेंडरमागचा कागद दाखवला. "शाळा उघडायच्या दिवशी यांच्या हाती पाठवून देईन."

त्यांचे यजमान कारकून होते, अबोल. मला अंगणाच्या दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तुमच्या क्लासात काही करता येईल का?" त्यांचे डोळे भरले होते. 

मी क्लासात सांगितलं. आपांनी हातातलं शिवण खाली ठेवलं. "गाठ माझ्या हाताला लागली. आता भरणंही माझ्याच हाताने होईल."

तेव्हा अशा गोष्टी विकत मिळतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भिंगारला कुठून मिळणार? आपांनी डाव्या बाजूला आतून खिसा शिवला आणि त्यात आधी कापूस भरला. विमलताईंनी घरात घालून बघितली. कापूस हलका, हात वर केला की डावी बाजू गळ्याशी! मग चिंध्या. चिंध्यांचे बोळे झाले. मग आपांनी मालकांच्या पेटीतून मिलिटरी टोप्यांचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड काढलं, गोल कापलं. ते इतकं ताठ की विमलताई म्हणाल्या, "आपा, याच्यावर गोळी आदळली तरी मला कळायचं नाही." असं म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

"वजन पाहिजे," आपा म्हणाल्या. "आणि ते अंगाबरोबर हललं पाहिजे."

वाळू नको, टोचते. मिलोचा दाणा जाड आणि नुसता बघूनही मन उडायचं. शाळा उघडायला दहा दिवस राहिले होते.

तेवढ्यात गंगूबाई उठल्या आणि घरी गेल्या. परत आल्या तेव्हा ओच्यात बाजरी होती. बारीक, निळसर-करडी, हातातून पाण्यासारखी सुटणारी.

"गंगूबाई, अहो, ह्या साली बाजरी!" आपा म्हणाल्या. "खायची सोडून?"

"खायची न्हाई ही. बियाची हाय. तिसगावच्या रानाची." त्यांनी पदराने डोळे पुसले. "दोन वर्सं गाडग्यात राख घालून ठिवलीया. पेरायला पाऊसच न्हाई. मालक म्हनत्यात, बी मेलं आता, जुनं झालं, दळून खाऊ. मी दळू दिलं न्हाई. पन काय नेम? मेलंच आसंल तर निदान बाईच्या कामाला तरी ईल."

आपांनी बाजरी ओंजळीत घेतली, तोलली, एका मऊ पिशवीत घातली आणि पिशवी खिशात बसवली. एकाला दोन बॉड्या शिवल्या. आणि दाणा सांडू नये म्हणून खिशाचं तोंड शिवून बंद केलं. एकदा नाही, दोन टिपा, वरून एक काज-टाका. मिलिटरीचं काम! "पूर्ण शाळाभर पळ," आपा म्हणाल्या, "एक दाणा बाहेर येणार नाही."

विमलताईंनी ती घरी घातली, आरशापुढे हात वर केला. जागच्या जागी राहिली. त्यांनी परत हात वर केला. "बघते," एवढंच म्हणाल्या. राजीनामा कॅलेंडरमागेच होता.

*

आता शेवटचा.

शाळा उघडायला तीन दिवस होते. सकाळी अकराचा सुमार, बाजार भरलेला. क्लासाच्या दारात विमलताई. एकट्या. पुण्याहून परतल्यापासून पहिल्यांदा त्या घराबाहेर पडल्या होत्या आणि भर बाजारातून चालत आल्या होत्या. आतून काही घातलेलं नाही, पदर कसाही, एक बाजू सपाट दिसत होती. त्यांचं त्याकडे लक्षच नव्हतं. चेहरा पांढराफटक, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"आपा, परत आलं."

"काय परत आलं?"

"दुखणं. वास येतोय. मंगळवारी बॉडी धुतली, टॉवेलाखाली टाकली, आज घातली तर ओलीच, आणि आतून वास. सडल्यासारखा. माझ्याच अंगाचा आहे हो! ह्यांना नाही सांगितलं. आपा, मला आता नाही सोसायचं!" त्या खाली बसल्या आणि मुलीसारख्या रडायला लागल्या.

 आपांनी टॉवेल सोडला. बॉडी जड झालेली, डावी बाजू टम्म फुगलेली.  मग आपांनी कपाळावर हात मारला.

"या अल्ला! खिसा मीच शिवून बंद केला! धुवायची कशी, याचा विचारच नाही केला!"

कात्री घेतली. काज-टाका कापला, पहिली टीप कापली, दुसरी कापली, पिशवी बाहेर काढली आणि तिचं तोंड उघडलं.

आत सगळं पांढरं होतं. दाण्यादाण्याला मोड. बोटाच्या पेराएवढे, एकमेकांत गुंतलेले, मधूनच एखादं पोपटी टोक. तीन दिवसांची ओल, वरून टॉवेल, अंगाची ऊब.

 गंगूबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या. एक मोड उचलला, डोळ्यांशी नेला, मग अख्खा पुंजका दोन्ही हातांत घेतला.

"जितं हाय!" त्या ओरडल्या. "बी जितं हाय गं! मालक म्हनत हुते मेलं! विमलबाई, बगा की, समदं उगवलंय! एक दाना वाया न्हाई!"

विमलताईंनी रडं थांबवून त्या हातांकडे बघितलं. मग स्वतःच्या छातीकडे. मग परत हातांकडे. आणि त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने, मग पोट धरून. आपाही हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी तर धड काहीच करत नव्हते, नुसती हुंदके देत होते.

गंगूबाईंनी मोड पदरात बांधले. संध्याकाळी गाडग्यातली ओंजळभर बाजरी पुन्हा आणून दिली. आपांनी दोन्ही बॉड्यांचे खिसे वरून उघडे केले आणि टिचबटणं लावली, म्हणजे धुताना पिशवी काढता येईल. विमलताईंनी दोन्ही उचलल्या, "येते," म्हणाल्या आणि गेल्या. शाळेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

सोमवारी शाळा उघडली. मला राहवेना. दुपारी मी त्यांच्या चाळीत गेले.

अंगणात ऊन रणरणत होतं. मधल्या दोरीवर, अगदी नळासमोर, विमलताईंची एक बॉडी वाळत होती. खिसा उलटा करून उन्हाला लावलेला. वर टॉवेल नव्हता. नळावर तीन बायका पाणी भरत होत्या. म्हातारी काठी घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"कुणाची गं ती?" तिने मला विचारलं.

मी विमलताईंच्या दाराकडे बघितलं. दाराला कुलूप होतं.